रोमेल बायकोच्या वाढदिवसाला गेला नसता तर? सेनापतींचं घर आणि लढाया

टेहळणी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

गेले काही महिने दुसऱ्या महायुद्धावर मिळेल ते वाचत सुटलोय. नकाशे, बाण, कुठली डिव्हिजन कुठून वळली वगैरे. पण एका ठिकाणी अडकलो आणि पुढे सरकताच येईना. ६ जून १९४४, नॉर्मंडी. ज्या माणसाने तो सगळा किनारा सुरुंग, खांब आणि काटेरी तारांनी भरून टाकला तो जर्मन सेनापती रोमेल नेमका त्याच दिवशी जागेवर नव्हता. का, तर ६ जूनला बायकोचा म्हणजे लुसीचा पन्नासावा वाढदिवस. हा गडी ४ तारखेला सकाळी फ्रान्समधलं मुख्यालय सोडून गाडीने निघाला, उल्मजवळ हेरलिंगेनला घरी, सोबत बायकोसाठी पॅरिसहून घेतलेले बूट. ६ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास त्याच्या चीफ ऑफ स्टाफचा, श्पायडेलचा फोन आला आणि रात्री हा परत पोचेपर्यंत तिकडे दोस्तांचं दीड लाखाच्या वर सैन्य उतरलेलं!

आता माझा प्रश्न. सेनापतीचं घर, लग्न, आजारपण, हेवेदावे, करिअरची हाव, याचा व्यूहरचनेवर खरोखर परिणाम होतो का, की हे सगळं नंतर गोष्ट रंगवायला चिकटवलेलं असतं? मला वाचताना ते बूट लक्षात राहिले आणि पँझर (जर्मन रणगाडा) डिव्हिजनचे आकडे विसरलो, त्यामुळे मीच चुकीच्या जागी बघतोय का अशी शंका यायला लागलीय. जाणकारांनी प्रकाश टाकावा. प्रेमप्रकरणांचा मसाला नकोय, जिथे घरातल्या गोष्टीने लढाईचं काहीतरी ठरलं असं दाखवता येईल अशी उदाहरणं हवीत.

तोफखाना

बूट विसरा, पँझर लक्षात ठेवा :)

वाढदिवसाची गोष्ट गोड आहे पण तिच्यावर एवढं वजन टाकलं की ती मोडते. एक म्हणजे रोमेल गेला कारण हवामान खराब होतं, अशा समुद्रात कोणी उतरणार नाही असा जर्मनांचा अंदाज. अटलांटिकमधल्या हवामानाच्या नोंदी त्यांना मिळेनाशा झाल्या होत्या, उलट दोस्तांचा सरसेनापती आयसेनहॉवरकडे हवामानतज्ज्ञ स्टॅग होता ज्याने मधली थोडी उघडीप हेरली आणि ५ ची तारीख ६ वर गेली. दुसरं, रोमेल फक्त केक कापायला गेला नव्हता, त्याला हिटलरला गाठून अजून पँझर डिव्हिजन मागायच्या होत्या. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पँझर किनाऱ्यालगत ठेवायचे (रोमेल) की मागे राखीव ठेवून मग एकदम घालायचे (त्याचा वरिष्ठ रुंडश्टेट आणि पश्चिमेकडच्या पँझरचा प्रमुख गायर) हा वाद आधीच अर्धवट मिटवलेला होता, म्हणजे मुख्य राखीव पँझर हिटलरच्या परवानगीशिवाय हलणारच नाहीत असं करून ठेवलेलं. साहेब सकाळी झोपलेले, उठवायची कोणाची टाप नाही, परवानगी मिळाली दुपारी ४ च्या आसपास. रोमेल जागेवर असता तर फोनवर जास्त आरडाओरडा झाला असता, बाकी काय?

आणि त्या दिवशी गैरहजर तो एकटा नव्हता. सातव्या आर्मीच्या डोलमानने ऱ्हेनला नकाशावरचा युद्धसराव ठेवलेला, त्यासाठी कितीतरी वरिष्ठ अधिकारी आपापली जागा सोडून निघालेले. कॅनजवळ २१ वी पँझर होती, तिचा प्रमुख फॉइश्टिंगर पॅरिसला, मैत्रिणीकडे होता म्हणतात. अख्खा वर्गच मॉनिटरसकट दांडी मारून बसला होता राव.

अजून एक. हाच रोमेल इजिप्तमधल्या अल अलामेनची लढाई २३ ऑक्टोबर १९४२ ला सुरू झाली तेव्हाही जागेवर नव्हता, आजारी होऊन ऑस्ट्रियात विश्रांती घेत होता. त्याच्या जागी आलेला श्टुमं दुसऱ्याच दिवशी हार्ट अ‍ॅटॅकने गेला. रोमेल २५ ला संध्याकाळी परत आला, जातीने हजर राहिला, आणि तरीही हरला, कारण पेट्रोल नव्हतं आणि समोर रणगाडे दुप्पट. युद्ध रसदीवर चालतं. बाकी सगळं चरित्रकारांची रोजीरोटी.

बाजारबुणगा

तोफखानासाहेब, गणित बरोबर आहे पण तुम्ही फक्त लढाईचा दिवस बघताय. घर त्या दिवशी येत नाही हो, घर वर्षभर आधीपासून सोबत चालत असतं. आणि तुम्ही म्हणता ना रसद, तर एका लढाईत घर हेच रसदीचं गणित होतं. पानिपत. (आयडीवरून ओळखलंच असेल की मी कधीतरी इथे येणारच होतो.)

१७६० च्या मार्चमध्ये फौज परतुडाहून निघाली. पण राघोबादादा नाही, भाऊसाहेब निघाले, हे कुठे ठरलं? घरात. दादासाहेब अटकेपर्यंत जाऊन आले पण तिजोरीत भर पडायच्या ऐवजी कर्ज घेऊन आले, भाऊ हिशेबाला कडक, त्यावरून कुरबुरी. आणि भाऊंचं वजन फार वाढू नये म्हणून गोपिकाबाईंनी विश्वासरावांना सोबत धाडायला लावलं असंही सांगतात. म्हणजे ३० वर्षांचा काका प्रत्यक्ष सेनापती आणि १८ वर्षांचा पुतण्या नावापुरता वर. उत्तरेत कधी स्वतः मोहीम न काढलेला माणूस, दिमतीला होळकर-शिंद्यांसारखे जुने खोंड ज्यांचं आपसात पटत नाही.

आता खरा मुद्दा. फौजेबरोबर बायका, पोरं, यात्रेकरू, दुकानदार, हजारोंनी. स्वतः भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई सोबत. उत्तरेत फौज चाललीच आहे, संरक्षणही आहे, तर तीर्थयात्रा उरकून घेऊ हा हिशेब. मल्हारराव आणि सूरजमल जाट दोघंही सांगत होते की कबिला आणि जड सामान मागे चंबळेकडे किंवा जाटांच्या किल्ल्यांत ठेवा आणि सड्या फौजेने गनिमी काव्याने लढा. ऐकलं नाही. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, तिथे पैसा नाही म्हणून लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून नऊ लाखांच्या आसपास रुपये पाडले, तेही खर्चात महिन्याभरात गडप. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा जिंकलं, धान्य मिळालं, सगळे खूष, पुढे कुरुक्षेत्र. आणि तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्ली आणि मराठे यांच्या मधे येऊन बसला.

इथे सडी फौज असती तर वळसा घालून निसटली असती, अब्दालीचीच रसद तोडत बसली असती. पण आजारी म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बायका घेऊन घोड्याला टाच मारता येत नाही. मग खंदक खणून बसले. नोव्हेंबर, डिसेंबर, अर्धा जानेवारी. बाहेरून दाणागोटा पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले आणि पोटं रिकामी. शेवटी १४ जानेवारी १७६१ ला जी गोलाची लढाई ठरली तो गोल नुसता इब्राहिमखान गारद्याच्या तोफांसाठी नव्हता, बायकापोरं मधे घेऊन यमुनेकडे सरकायचं म्हणूनही होता. व्यूहाचा आकारच कबिल्याने ठरवला!

आणि दुपारी विश्वासरावांना गोळी लागल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, रिकामी अंबारी बघून फौज फुटली, हे तर सगळ्यांना पाठ आहे. मला विचाराल तर ते शेवटचं कारण, पहिलं नाही. पण पुतण्या पडल्यावर सेनापती म्हणून मागे उभं राहणं आणि काका म्हणून गर्दीत घुसणं यातलं भाऊंनी दुसरं निवडलं, हे तुम्ही पेट्रोलच्या हिशेबात कुठे बसवणार?

खुसखुस

आणि इकडे नानासाहेब पेशवे पैठणला बोहल्यावर उभे :D तेही विसरू नका. भाऊ उपाशी, नाना लग्नात.

बाजारबुणगा

खुसखुस, हा टोला नेहमीचाच आहे आणि अर्धाच खरा आहे. लग्न झालं हे खरं, २७ डिसेंबर १७६०. पण यमुनेकाठची वाट अब्दालीने अडवल्यावर भाऊंची पत्रंच धड पोचत नव्हती, तिकडे नेमकी किती उपासमार आहे याचा दक्षिणेत पत्ता नव्हता. शिवाय सासरे सावकार, त्यामुळे ते लग्न पैसा उभा करायला होतं असंही मत आहे. मला ते पूर्ण पटत नाही, मदतीला एवढ्या सावकाश निघालेल्या माणसाला मी तरी माफ करत नाही, पण निव्वळ चैन म्हणूनही सोडून देता येत नाही.

त्या माणसाला बातमी कशी कळली बघा. भेलशाला, लढाईनंतर दहा दिवसांनी, सावकारी पेढीची एक चिठ्ठी हाती आली. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला गणतीच नाही. दोन मोत्ये म्हणजे एक मुलगा आणि एक भाऊ. पाच महिन्यांत, २३ जूनला, गेले नानासाहेब पर्वतीवर. राज्य हातात आलं १६ वर्षांच्या माधवरावाच्या, आणि काका-पुतण्याची पुढची भांडणं तिथूनच सुरू.

शाईदौत

पानिपतावर धागा गेला की तो परत येत नाही, त्यामुळे मधेच घुसते. धागाकर्त्यांनी करिअरची हाव म्हटलंय ना, त्याचं माझ्या मते सगळ्यात स्वच्छ उदाहरण पहिल्या महायुद्धातलं आहे, आणि ते आपल्याशी लांबून जोडलेलंही आहे. इराकमधलं कुत. टायग्रिस नदीच्या वळणात बसलेलं गाव, तिथे अडकली ती सहावी डिव्हिजन, जिचं नावच पूना डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणी होत्या. सेनापती चार्ल्स टाउनशेंड.

या माणसाचं आधीचं आयुष्य माहीत नसेल तर कुत कळत नाही. १८९५ मध्ये हा वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या किल्ल्यात ४६ दिवस वेढ्यात अडकला होता, टिकून राहिला, मदत आली, सुटका झाली, आणि तिकडे इंग्लंडात एकदम हिरो. मानसन्मान, मेजवान्या. पुढची वीस वर्षं वरची जागा कशी मिळेल या विवंचनेत, सतत बदल्या मागत, ओळखीपाळखी लावत. मग १९१५ मध्ये बगदादकडे चालून जाताना टेसिफॉनला जबर मार खाऊन मागे फिरला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला कुतला येऊन थांबला. अजून मागे जाता आलं असतं. तो थांबला. सैनिक थकले होते हे खरंच आहे, पण वेढ्यात बसणं म्हणजे पराभव नाही तर कीर्तीचा रस्ता, हे त्याच्या आयुष्याने त्याला आधी एकदा शिकवलेलं होतं हेही खरं. माझं मत आहे, भांडायला तयार आहे.

आता तोफखाना यांची लाडकी रसद. टाउनशेंडने सुरुवातीला कळवलं की अन्न साधारण दोन महिने पुरेल. झालं, सुटकेला निघालेल्या एल्मरच्या फौजेवर घाईची तलवार. जमवाजमव नाही, तोफा कमी, नदीतल्या बोटी कमी, जखमींसाठी तर जवळपास काहीच नाही, आणि चिखलात हल्ल्यावर हल्ले. शेख साद, वादी, मग २१ जानेवारीला हन्ना, तिथे एका दिवसात २,७०० च्या आसपास माणसं पडली. आणि त्यानंतर चारच दिवसांनी टाउनशेंडकडून निरोप येतो की गावात घरोघर शोध घेतला, अजून ८४ दिवस पुरेल एवढं आहे! घरं आधी तपासायला काय झालं होतं? कुतमधले तेरा हजार सोडवायला बाहेर एकूण २३ हजारांच्या आसपास जखमी आणि मृत झाले आणि तरी सुटका झालीच नाही. विमानातून पीठ टाकून बघितलं, दहा लाख पौंड, मग वीस लाख पौंड देऊ करून तुर्कांना फोडायचा प्रयत्न केला (बोलणी करायला गेलेल्यांत टी. ई. लॉरेन्स होता). १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती.

आतल्या हिंदी शिपायांचं सांगायचं तर घोडे कापून खायची वेळ आली तेव्हा बऱ्याच जणांनी नकार दिला. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांची परवानगी मागवली तरी कितीतरी जण शेवटपर्यंत तयार नव्हते, कारण युद्ध संपल्यावर गावी जायचंय, तिथे पंगतीला बसू देतील का ही भीती. त्यातून स्कर्व्ही पसरला. म्हणजे हजारो मैलांवरचं घर इथे जवानाच्या ताटात बसलेलं. ब्रिटिश कमांडला हे गणित समजलंच नाही.

शरणागतीनंतर साहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात, तिथेच त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. शिपाई वाळवंटातून पायी, हजारोंनी वाटेत मेले. त्याचा लाडका कुत्रा होता, स्पॉट नावाचा, त्याची सोय मात्र शरणागतीच्या वाटाघाटीत आठवणीने केली होती.

पलटणीतली पोर

इथे सगळे सेनापतींबद्दल बोलतायत म्हणून उलट्या बाजूने लिहिते. माझे बाबा फौजेत होते. आम्ही पत्र टाकायचो त्यावर गावाचं नाव नसायचं, पलटणीचं नाव आणि केअर ऑफ ५६ एपीओ. एवढंच. बाबा बर्फात आहेत की वाळवंटात हे पाकिटावरून कळू नये हाच तर उद्देश. मला लहानपणी वाटायचं ५६ एपीओ नावाचं एक गाव आहे आणि सगळ्यांचे बाबा तिथेच राहतात. आई मात्र पत्रातल्या फालतू गोष्टींवरून अंदाज बांधायची, आंघोळीचा उल्लेख नाही म्हणजे थंडी असणार, असं. तिचा अंदाज बरेचदा बरोबर यायचा. गुप्तता ही व्यूहरचना असते हे मी पुस्तकात वाचायच्या आधी आमच्या टपालाच्या पेटीत बघितलंय. त्यामुळे परिणाम होतो का हा प्रश्न मला जरा विचित्रच वाटतो, कोणत्या बाजूने बघताय त्यावर आहे.

आणि बाजारबुणगा, पार्वतीबाईंचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाही. त्या पानिपतातून वाचून परत आल्या आणि भाऊसाहेब मेले हे त्यांनी मानलंच नाही. २२ वर्षं कुंकू लावलं. १७८३ मध्ये त्या गेल्या तेव्हा दोघांचे अंत्यविधी एकत्र केले. आणि ही फक्त एका बाईची दुःखद गोष्ट नाहीये, याचं राजकारण झालं. भाऊंचं प्रेत ओळखण्यावरून संशय राहिला, घरातच बायको जिवंत आहेत म्हणते, तिथे तोतया उभा राहणारच! १७७६ मध्ये तो तोतया कोकणात किल्ले घेत सुटला होता, हजारो माणसं त्याच्यामागे गेली, इंग्रजांशी भांडण चालू असताना पुण्याला फौज याच्यावर धाडावी लागली. तो पकडला, मारला, तेव्हा कुठे मिटलं.

बाजारबुणगा

ताई, तुमचा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात भारी. पार्वतीबाई राहिल्या ही चूक मान्य.

त्यात एक भर घालतो. तोतयाचं प्रकरण निस्तरणारे नाना फडणवीस. ते स्वतः १८ वर्षांचे असताना पानिपतावर होते, आई आणि बायको सोबत. बायको वाचली, आई त्या पळापळीत हरवली ती कायमची. जिवानिशी कसे निसटले ते नानांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे हा माणूस आयुष्यभर रणांगणापासून लांब राहिला, हेर, पत्रं आणि तह यांवर राज्य चालवलं, लोक भित्रा म्हणायचे. त्याने काय बघितलं होतं ते माहीत असल्यावर मला तरी तो शब्द वापरवत नाही.

तोफखाना

बरं, दोन पावलं मागे येतो, पण दोनच.

कुतचं मान्य. अन्नाचा आकडा चुकीचा दिला आणि त्यावर दुसऱ्या फौजेचं वेळापत्रक ठरलं, ही साखळी दाखवता येते. पानिपतातल्या कबिल्याचंही मान्य, कारण तिथेही वेग आणि पोटं मोजता येतात. भाऊ अंबारीतून का उतरले हे मात्र मोजता येत नाही, ते आपण आपापल्या मनाने भरतो. रोमेलच्या बाबतीत मी हलणार नाही. माझी चाळणी एवढीच, घरातली गोष्ट आणि रणांगणावरची गोष्ट यांच्या मधल्या कड्या दाखवा. नुसतं तो दुःखी होता म्हणून हरला हे नको.

त्या चाळणीतून महादजी शिंदे पास होतात म्हणून सांगतो. बुराडीच्या घाटावर १० जानेवारी १७६० ला भाऊ दत्ताजी गेले, पानिपतात पुतण्या जनकोजी गेला, स्वतःचा पाय कायमचा अधू झाला, राणेखान नावाच्या भिस्त्याने उचलून आणलं म्हणून जगले. त्या राणेखानला त्यांनी पुढे भाईचा मान दिला आणि सरदार केलं. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये दिल्ली परत घेतली. पुढच्या वर्षी अब्दालीचा साथीदार नजीबखान रोहिल्याच्या मुलाचा पत्थरगड घेतला तेव्हा मराठ्यांनी नजीबची कबर फोडली, हा सूड झाला. पण त्यानंतर द बॉइन्य नावाच्या फ्रेंच भाषिक माणसाला नोकरीवर ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या, तो सूड नाही, तो धडा. घोडदळाच्या जोरावर वाढलेल्या सरदाराने पायदळ आणि तोफांवर पैसा ओतला. गारद्याच्या तोफांनी त्या दिवशी सकाळी काय केलं होतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ना.

टेहळणी

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. तोफखाना यांची कड्यांची चाळणी वापरून रोमेल परत वाचला. बूट गळतात, बरोबर आहे. पण मला एक वेगळीच गोष्ट दिसली. घरी जायचं की नाही हे ठरवताना तो हवामानाचा अंदाज बघून गेला, म्हणजे त्याला जे ऐकायचं होतं तेच अंदाज सांगत होता. रजेवर जायचं मनात असलेल्या माणसाला ढग जरा जास्तच काळे दिसतात. ही कडी मोजता येत नाही, कबूल, पण मी स्वतः ऑफिसात हे शंभर वेळा केलंय.

त्याच घरातून, हेरलिंगेनहून, १४ ऑक्टोबर १९४४ ला हिटलरच्या दोन जनरलांनी रोमेलला गाडीत बसवून नेलं आणि विष घ्यायला लावलं. लुसी आणि १५ वर्षांचा मॅनफ्रेड घरातच होते. तो मुलगा पुढे श्टुटगार्टचा महापौर झाला आणि अलामेनला बापासमोर लढलेल्या मॉन्टगोमेरीच्या मुलाशी त्याची चांगली मैत्री होती.

अवांतर, शाईदौत ताई, त्या स्पॉटचं पुढे काय झालं?

शाईदौत

तुर्कांनी त्याला बसऱ्याला ब्रिटिशांकडे जाऊ दिलं. तिथून तो इंग्लंडला पोचला आणि युद्ध संपल्यावर साहेबाला परत भेटला. धडधाकट होता.